फलाटावरील मूल आणि हातातील मोबाइल



दीपनगरची ओळख औष्णिक वीज केंद्रामुळे. परंतु जवळच भुसावळ जंक्शन आहे. उत्तरेकडून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या तेथे थांबतात. त्यांत क्वचित असेही मूल असते, ज्याला आपण कोणाबरोबर, कशासाठी चाललो आहोत हे ठाऊक नसते. त्याला हेरण्यास मिळतात ती काही मिनिटे.

अशा वेळी खिशातील मोबाइल कामी येतो. 1996 मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झालेली 1098 ही बालसाहाय्य सेवा आज शासन चालवते. रेल्वेसाठी 139 आहे. गाडीचे नाव, डबा आणि मुलाचे वर्णन एवढे सांगितले तरी पुढच्या स्थानकावर चौकशी होऊ शकते. सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे, असे 2015 चा बालन्याय कायदा सांगतो.

पण होते काय? सुजाण माणसेही आधी छायाचित्र काढतात आणि गटागटांत धाडतात! हेतू चांगला असेल. तथापि अशा बालकाची ओळख प्रसिद्ध करणे याच कायद्याच्या कलम 74 नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय ते चित्र टोळीच्या हस्तकापर्यंतही पोहोचते.

घाईची दुसरी बाजूही भुसावळने पाहिली आहे. मे 2023 मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची 59 मुले भुसावळ व मनमाड येथे उतरवण्यात आली. तस्करीच्या संशयावरून पाच जणांना अटक झाली. मुले पुणे व सांगली येथील मदरशांत शिकण्यास निघाली होती. तस्करी नव्हती, गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला, असे आढळल्यावर 2024 मध्ये पोलिसांनी प्रकरण बंद केले. दरम्यान मुलांनी बालगृहात दिवस काढले, सोबतच्यांनी कारागृहात.

म्हणून संशय दडपायचा का? मुळीच नाही. तो अधिकाऱ्यांना कळवावा. निवाडा मात्र फलाटावर करू नये. पडताळणीलाही मोबाइलच उपयोगी आहे. मुलाच्या गावच्या पोलीस ठाण्याला दूरध्वनी, आईवडिलांशी चित्रसंवाद, शिक्षणसंस्थेकडे प्रवेशाची विचारणा, आणि मुलाशी त्याच्याच बोलीत बोलेल असा कोणी दुभाषी. हे काम पोलीस व समितीचे. फोन करणाऱ्याने गाडी सुटण्यापूर्वी डब्याचा क्रमांक तेवढा नीट वाचून सांगावा.