मलिक अंबर : गुलाम आणि सेनापति

मोहोळच्या उत्तरेस परांड्याचा किल्ला आहे व आग्नेयेस सोलापूरचा. या दोन्ही किल्ल्यांच्या इतिहासांत ज्या सेनापतीचें नांव येतें, तो एके काळीं बाजारांत विकला गेलेला मनुष्य होता.

सुमारें १५४८ सालीं हबसाणांत जन्मलेला चापू नांवाचा मुलगा लहानपणींच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पडला. बगदादच्या एका धन्यानें त्याला शिकवून त्याचें नांव अंबर ठेविलें. पुढें निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानें त्याला विकत घेतलें. हा पेशवाही पूर्वीं गुलामच होता, आणि त्याच्या पदरीं सुमारें एक हजार हबशी गुलाम होते. सुलतानांना असे शिपाई हवे असत. कारण ज्याचें घरदार तुटलें, त्याला धन्यावांचून दुसरा आधार नसे. चंगीजखान वारल्यावर अंबर मुक्त झाला.

१६०० सालीं मोगलांनीं अहमदनगर घेतलें, तेव्हां त्यानें परांड्यास दुसऱ्या मूर्तजास गादीवर बसवून राज्य सांवरलें. मराठे स्वार हाताशीं धरून गनिमी काव्यानें मोगलांस जेरीस आणलें. १६२४ सालीं भातवडीच्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले. पुढल्याच वर्षीं त्यानें सोलापूर घेतलें.

तथापि ‘गुलाम’ हा शब्द त्याच्या मागून सुटला नाहीं. अंबरची मुलगी मूर्तजास दिलेली होती. १६१७ सालीं अंबरला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्यानें लिहिलें आहे कीं, मूर्तजाच्या थोरल्या राणीनें तिला गुलाम म्हणून हिणविलें, आणि अंबरनें राजा-राणी दोघांवरही विषप्रयोग करविला. जहांगीर बादशहानें तर अंबरच्या छिन्न मस्तकावर आपण बाण मारीत आहों, असें चित्रच काढवून घेतलें; प्रत्यक्षांत तें मस्तक त्याला कधींच मिळालें नाहीं. १६२६ सालीं अंबर वारला, तेव्हां मात्र मोगल दरबारचाच इतिहासकार मुतमदखान यानें त्याच्या युद्धकौशल्याची व राज्यकारभाराची मुक्तकंठानें स्तुति केली.

अंबरनें वसविलेल्या खडकीचें पुढें औरंगाबाद झालें, आणि आतां छत्रपति संभाजीनगर. त्या शहरास पाणी देणारा त्याचा नहर व खुलताबादेची त्याची कबर त्याचें स्मरण देतात. तो मोठा झाला तो गुलामगिरीमुळें नव्हे, तर तिच्यांतून वर येऊन. चंगीजखानाच्या पदरच्या त्या हजारांपैकीं इतर किती जणांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत? एकट्या अंबरच्या कीर्तीनें त्या बाजारास पुण्य लाभत नाहीं.