यादीतले नाव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांतील नाटके, गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि व्याख्यानमाला यांविषयी काल आणि आज अधिकारी व्यक्ती बोलल्या. आमच्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने फारच कोरडा आहे. मंडळाची सभासद-यादी, पत्रव्यवहार आणि त्यासाठी घेतलेला संगणक यांचा कारभार आम्ही गेली सुमारे तीस वर्षे पाहत आलो आहोत. पूर्वी आम्हांला कोणी ‘संगणकवाले’ म्हणत, अलीकडे ‘ॲडमिन’ म्हणतात. पदवी बदलली तरी रात्री अकरा वाजता येणारा दूरध्वनी तोच आहे : “अहो, आमची पत्रिका आली नाही.”

या वाक्याची धास्ती आम्ही का घेतो, ते आधी सांगितले पाहिजे. पुण्यात किंवा नागपुरात मराठी माणूस शोधावा लागत नाही. भिलाईची गोष्ट वेगळी. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि त्यापुढे साऱ्या देशातून माणसे येथे आली. आपल्यातले कोणी विदर्भातून आले, कोणी खानदेशातून, कोणी थेट कोकणातून. राहायला मिळाले ते सेक्टर, सडक आणि क्वार्टर या तीन आकड्यांत. शेजारी बंगाली, समोर आंध्रातले, मागे पंजाबी. क्वार्टर नोकरीपुरते. निवृत्ती झाली की क्वार्टर सुटते, आणि क्वार्टर सुटले की पत्ता सुटतो. अशा गावात मराठी घरे एकमेकांना धरून राहतात ती यादीच्या आधाराने. ज्याचे नाव यादीतून गेले, त्याच्या दारावर वर्षानुवर्षे कोणाची थाप पडत नाही.

प्रारंभी ही यादी लाल कापडी बांधणीच्या एका खतावणीत होती. त्या काळच्या चिटणीसांचे अक्षर मोत्यासारखे होते, आणि खाडाखोड करण्याची त्यांची रीत त्याहून सुंदर होती. जुना पत्ता ते गिरवून काळा करीत नसत. त्यावर एकच बारीक रेघ ओढीत, शेजारी नवा पत्ता लिहीत आणि खाली तारीख घालीत. एखादे कुटुंब तीन क्वार्टरे बदलून शेवटी नागपूरला गेले, तर तो सारा प्रवास एका ओळीत वाचता येई. आम्हांला त्या वेळी ही खतावणी जुनाट वाटे. तिचा मोठेपणा पुढे कळला.

मंडळात संगणक आला तो एका कार्यालयातून उतरलेला, वापरलेला. त्याबरोबर आमची पहिली अडचण आली ती अक्षरांची. आपल्या भागातले छापखाने हिंदीचे. तेथील जुळारी सज्जन आणि कसबी, पण ‘ळ’ त्यांच्या हाताला नव्हता. ‘शाळा’ची ‘शाला’ होई आणि ‘टिळक’ ‘तिलक’ होऊन येत. म्हणून नागपूरहून कोणी तरी फ्लॉपीवर मराठीचा फॉन्ट आणला, आणि आम्ही खतावणीतील सारी नावे उन्हाळ्याच्या सुटीत बसून संगणकात घातली. पडद्यावर पहिल्यांदा ‘ळ’ उमटला तेव्हा समितीने चहा मागवला होता.

२६ एप्रिल १९९९ हा दिवस आमच्या लक्षात राहिला आहे. १ मेच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला पाच दिवस उरले होते. पाकिटांवर चिकटवायचे पत्ते छापायचे म्हणून आम्ही सायंकाळी संगणक सुरू केला, आणि पडदा काळाच राहिला. तैवानमधील एका विद्यार्थ्याने १९९८ साली लिहिलेला तो विषाणू होता. तो संगणकात गुपचूप दडून राही आणि २६ एप्रिल उजाडला की तबकडीचा आरंभीचा भाग पुसून टाकी. काही यंत्रांत तर यंत्र सुरू करणारी चिपच कोरी करी. जगभर त्या दिवशी फार मोठे नुकसान झाले. आमच्याकडे तो बहुधा मुलांच्या खेळाच्या एका सीडीतून आला असावा. ती सीडी कोणी आणली याचा तपास आम्ही केला नाही. आमच्याच घरचे नाव निघाले असते.

फ्लॉपीवर प्रत होती. ती मागील पावसाळ्यात बुरशी लागून गेली होती, हे मात्र त्या दिवशी समजले. मग लाल खतावणी कपाटातून निघाली. सेक्टरवार चार तुकड्या केल्या. प्रत्येक तुकडीत एक जुनी व्यक्ती घेतली. खतावणीत नसलेली नवी घरे त्यांनी आठवून आठवून सांगितली : “पाण्याच्या टाकीमागच्या सडकेवर दुसरे क्वार्टर, दारात जास्वंद आहे.” पत्रिका सायकलींवरून वाटल्या गेल्या. त्या वर्षी सभागृहात बसायला जागा उरली नव्हती. संगणकाने पाठविलेल्या पत्रिकेपेक्षा हातात दिलेल्या पत्रिकेला माणसे अधिक येतात, असा निष्कर्ष काही सभासदांनी काढला, आणि संगणक विकून टाकावा असा ठरावही आला. तो थोडक्यात फेटाळला गेला.

यंत्राचा दोष नसताना घडलेली फजितीही सांगितली पाहिजे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. पत्त्यांतील ‘म.प्र.’ बदलून ‘छ.ग.’ करणे आले. शेकडो पत्ते एकेक करून कोण बदलणार? संगणकाला एकच आज्ञा दिली, आणि क्षणात सारी यादी छत्तीसगडमध्ये आली. सारी, म्हणजे निवृत्त होऊन इंदूर, जबलपूर आणि भोपाळला स्थायिक झालेले आपले सभासदसुद्धा! त्या संक्रांतीची पत्रे ‘इंदूर, छ.ग.’ अशा पत्त्यावर गेली. इंदुरातून एका आजोबांचे कार्ड आले : “आमचे शहर आपण केव्हा हलविले ते कळवावे.” पत्रे पोहोचली ती पिनकोडमुळे. टपालखात्याने ४५२ हा आरंभीचा आकडा पाहिला, आणि आमच्या राज्यपुनर्रचनेकडे दुर्लक्ष केले.

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण स्वीकारले तिच्याकडे वळतो. ती थोडी किचकट आहे. कंटाळा आला तरी ऐकावी.

जुन्या मराठी फॉन्टांचे गुपित असे होते की संगणकाला मराठी येतच नव्हते. आत साठत असत ती रोमन अक्षरे आणि खुणा. फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. मुखवटा काढला की आतून भलतेच काही बाहेर येई, आणि दर कंपनीचा मुखवटा निराळा. त्यामुळे पुढे नवे यंत्र घेतले आणि जुनी यादी त्यात उघडली, तेव्हा सभासदांच्या नावांच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरे यांचा नुसता कचरा दिसला. यावरचा उपाय जगाने १९९१ पासून काढलेला होता. त्याचे नाव युनिकोड. त्यात जगातील प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिलेला आहे. आपल्या ‘ळ’चा क्रमांक २३५५. कोणत्याही यंत्रात, कोणत्याही देशात तो ‘ळ’च राहतो. आम्ही एक परिवर्तक मिळवून जुनी यादी युनिकोडमध्ये आणली, नजरेखालून घातली आणि नि:श्वास सोडला.

येथे एक अक्षर आमच्या नजरेतून निसटले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हा भेद हिंदीत नाही. तो आपला आहे. हा ‘ऱ्या’मधील अर्धा ‘र’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा ‘र’, त्याचा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन वेगळी अक्षरे आहेत. शिवाय दुसऱ्या तऱ्हेतील अदृश्य खूण वाटेत कोठे गळाली तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. एका वर्षी संस्कृतचे एक आचार्य प्रमुख पाहुणे होते आणि जेवणासाठी आचारी बोलावले होते. सूचनापत्रकात आम्ही लिहिले होते, आचाऱ्यांना पहाटे पाचला बोलावले आहे, त्यांनी झारे व कढया बरोबर आणाव्यात. छापून आले ते ‘आचार्यांना’. पाहुणे व्यासपीठावर उभे राहिले आणि कढई न आणल्याबद्दल त्यांनी सभेची क्षमा मागितली. सभा बराच वेळ हसत होती, आम्हीही हसलो. त्या हसण्यात आम्ही धोक्याची सूचना ऐकली नाही.

पत्त्यांची यादी परिवर्तकातून आलेली होती, तर वर्गणीची यादी आम्ही नव्या कळफलकावर टंकलेली. दोन्ही एकत्र करताना यंत्राला सांगितले की ज्यांचे नाव पत्त्यांत आहे पण वर्गणीत नाही, ते थकबाकीदार समजावेत. मंडळाच्या नियमानुसार थकबाकीदारांना पत्रिका जात नाही. पुढची चार वर्षे यंत्राने ही आज्ञा चोख पाळली.

२०१९ च्या संक्रांतीनंतर बाजारात आम्हांला एक काकू भेटल्या. त्यांचे यजमान कारखान्यात होते. मंडळाच्या नाटकांचा पडदा कित्येक वर्षे त्यांनी ओढला. ते वारल्यावर काकू क्वार्टर सोडून दुर्गच्या बाजूला मुलाच्या घरी राहायला गेल्या होत्या. आम्ही सहज म्हटले, “काकू, हल्ली दिसत नाही तुम्ही कार्यक्रमाला?” त्या म्हणाल्या, “बोलावणे कुठे येते? हे गेल्यावर तुम्ही आमचे नाव काढलेत, असे मी धरून चालले. वर्गणी मात्र भरत राहिले. ह्यांनी कधी चुकवली नव्हती.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. पिशवीतला तिळगूळ काढून त्यांनी आमच्या हातावर ठेवला.

आम्ही त्याच रात्री यादी उघडली. काकूंचे आडनाव येथे सांगत नाही. कऱ्हाड या गावाच्या नावात जो ‘ऱ्ह’ आहे तो त्यात आहे. दोन्ही याद्यांत नाव होते, अक्षर न् अक्षर तेच. वर्गणी चारही वर्षांची जमा होती. तरीही यंत्र म्हणे, या दोन व्यक्ती वेगळ्या. मंडळातील एक सूनबाई संगणकाच्याच नोकरीत आहेत. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि दोन्ही नावांवरून बाणाची कळ एकेक घर पुढे नेत गेल्या. एक नाव ओलांडायला कळ एकदा अधिक दाबावी लागली. तेथे काही दिसत नव्हते, पण काही तरी होते.

मग ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ असलेली सारी नावे तपासली. अशी अकरा घरे निघाली. पत्र पाठवून क्षमा मागावी असे समितीचे मत पडले. आम्ही म्हटले, पत्रेच तर पोहोचली नव्हती, आता जाऊनच यावे. गेलो. दोन घरे गाव सोडून गेली होती. बहुतेकांनी चहा दिला आणि विषय बदलला. एका घरी हार घातलेली तसबीर होती. मंडळाचे जुने सभासद दीड वर्षापूर्वी गेले, आणि त्यांच्या अंत्ययात्रेला मंडळातून कोणीही नव्हते, कारण ते गेल्याचे कळविण्याइतके आपलेपण त्या घराला आमच्याविषयी उरले नव्हते. तेथे आम्ही काय बोललो ते आठवत नाही. अदृश्य जोडखुणेची हकिगत सांगितली नाही, एवढे नक्की.

दुरुस्त झालेली ती यादी पुढे एप्रिल २०२१ मध्ये उपयोगी पडली. दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी होती, आणि रोज सकाळी सेक्टरवार नावे वाटून घेऊन प्रत्येक घरी दूरध्वनी केला जाई. कोणाला औषध हवे, कोणाला डबा, कोणाला नुसते बोलायचे असे. काकूंकडे आम्ही स्वतः करीत असू. त्या दर वेळी आधी आमचीच विचारपूस करीत.

आता भ्रमणध्वनीवर मंडळाचा गट आहे. त्याच्या तक्रारी सांगायला बसलो तर जेवणाची वेळ टळेल. पहाटेची फुले, विनाशाची भाकिते, आणि निधनवार्तेखाली चुकून उमटलेली टाळ्यांची चिन्हे काढण्यासाठी झालेली धावपळ. तेही असो. मात्र गटावर नसलेली बेचाळीस घरे आजही यादीत आहेत, आणि त्यांची पत्रिका हातानेच जाते. यादीच्या तीन प्रती तीन घरी असतात, आणि वर्षातून दोनदा ती कागदावर छापली जाते. लाल खतावणी अजून कपाटात आहे. तिच्यातली ओळ आडवी रेघ ओढल्यावाचून जात नाही.

या वर्षीची छापील यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. शेजारी पेन्सिली आहेत. जेवायला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव पाहावे, शेजाऱ्याचेही पाहावे, आणि जो आज आलेला नाही त्याचे तर अवश्य पाहावे. चूक दिसली तर एकच बारीक रेघ ओढावी आणि खाली तारीख घालावी.