रुग्ण घरीं परततो तेव्हां
(ज्युबिली-सोहळ्याच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं रुग्णसेवेविषयीं दोन शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. मी कांहीं वैद्य नाहीं. रविवारीं मिस्सा आटोपल्यावर रुग्णालयांत जाऊन आजाऱ्यांच्या खाटेशीं बसणारी जी थोडी मंडळी आपल्यांत आहे, त्यांपैकीं मी एक आहें. तेव्हां मोठा विषय न घेतां एवढेंच सांगतों, कीं तंबाखूच्या व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्या रुग्णास आपल्यासारख्यांकडून काय साह्य होऊं शकतें.

ज्युबिलीचा मूळ अर्थ आपण जाणतांच. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षीं देशभर मुक्तता पुकारण्याची आज्ञा आहे. परंतु त्याच ठिकाणीं असेंहि सांगितलें आहे, कीं मुक्त झालेल्या प्रत्येकानें आपल्या कुळाकडे परत जावें. हा दुसरा भाग आपण वाचतों आणि विसरतों. आमच्या रुग्णांची खरी परीक्षा या परत जाण्यांतच होते, हें मला फार उशिरां कळलें.

आपल्या नागपुरांत मेडिकल, मेयो आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय येथें भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून, तसेंच पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटाहूनहि रुग्ण येतात. त्यांत विडी ओढणारे आहेतच. गोंदिया-भंडाऱ्याच्या तेंदूच्या पानांवर कित्येक घरांची चूल पेटते, हें आपणांस ठाऊक आहे. तरी आपल्या राज्यांत ओढणाऱ्यांपेक्षां चघळणारे पुष्कळ अधिक. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २६.६ लोक तंबाखू सेवन करणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे शेंकडा ३.८, आणि तोंडांत धरणारे शेंकडा २४.४. आपल्याकडे त्याचें नांव खर्रा. सुपारी, तंबाखू व चुना पन्नींत घालून पानठेल्यावर घोटून मिळतो तोच. २०१२ सालीं राज्यांत गुटख्यावर बंदी आली; खर्रा कांहीं हटला नाहीं. त्यानें गालाच्या आंतलें मऊ अस्तर ताठ होत जातें आणि एके दिवशीं भाकरीचा घासहि तोंडांत जाईनासा होतो. इतर दुष्परिणामांची यादी मी वाचीत नाहीं. पाकिटांवर चित्रें छापलेलीं असतात, आणि तीं पाहात पाहातच लोक पाकीट फोडतात.

आतां एक अनुभव सांगतों, व तो माझ्या कमीपणाचा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं उमरेडकडचा एक गवंडी हृदयविकारानें एका रुग्णालयांत पडून होता. वीस वर्षांचा खर्रा. पहिले दोन-तीन दिवस त्याची चिडचिड, बेचैनी व निद्रानाश पराकोटीस गेले. निकोटिन सुटतांना हे दिवस असेच जातात, आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांत हळूहळू उतार पडतो. मी त्याच्याजवळ बसून बोललों, प्रार्थना केली. नवव्या दिवशीं तो आपण होऊन म्हणाला, "भाऊ, सुटला आता." मी मोठ्या समाधानानें घरीं आलों. खरें सांगावयाचें तर, एक आत्मा जिंकल्याचा गर्वच मला झाला होता.

महिन्यानें तपासणीच्या रांगेंत तो पुन्हां दिसला. गालांत खर्रा होता. मी रागावून बोललों, तेंहि चारचौघांत. तो शांतपणें म्हणाला, "दवाखान्यात तं कोनी देतच नव्हतं, भाऊ, तेथं सोडनं सोपं होतं. घरी आल्यावर तुम्ही कोठी होते जी?"

या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. घरीं गेल्याच्या पहिल्या सायंकाळींच त्याचे सोबती भेटावयास आले होते, आणि प्रेमानें, होय, प्रेमानेंच, त्यांनीं पन्नी पुढें केली होती.

पुढें एका जाणत्या डॉक्टरांनीं मला सांगितलें, कीं धूम्रपान करणाऱ्या रुग्णांवर निरनिराळ्या देशांत झालेले प्रयोग एकत्र तपासून हाच निष्कर्ष निघाला आहे. खाटेवरचा उपदेश तेवढ्यावरच थांबला तर त्याचा फारसा गुण येत नाहीं. घरीं परतल्यावर निदान एक महिना कोणी विचारपूस करीत राहिलें, तर सुटणाऱ्यांची संख्या निश्चित वाढते. शुभवर्तमानांतील शोमरोनी माणसानें जखमी वाटसरूस उतारशाळेंत पोंचविलें, दोन दिनार दिले, व परत येण्याचें वचन दिलें. मी उतारशाळेपर्यंतच गेलों होतों.

तेव्हांपासून आम्ही कांहीं नियम पाळतों. रुग्णाची संमति असल्यासच पत्ता घ्यावयाचा. घरीं गेल्यापासून तीन दिवसांच्या आंत पहिली भेट, मग चार आठवडे दर आठवड्यास एक, आणि मधून टेलिफोन. घसरला तर रागवावयाचें नाहीं. कोणत्या वेळीं, कोणाच्या संगतींत घेतला, एवढेंच विचारावयाचें. घरच्या माणसांशीं बोलावयाचें, कारण उशीखालीं पुडी ठेवणारेहि तेच असतात. तोंडांत धरावयास बडीशेप, लवंग किंवा भाजलेले चणे चालतील. सुपारी मात्र नको, गोडहि नको. नुसती सुपारीहि कर्करोगास कारण होते, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं जाहीर केलें आहे. निकोटिनची चघळावयाची गोळी, त्वचेवर लावावयाची पट्टी व इतर औषधें आहेत. तीं डॉक्टरांस विचारून घ्यावीं. ज्याचें तोंडच उघडत नाहीं त्याला चघळावयास सांगणारे उपदेशक आम्ही पाहिले आहेत! १८००-११-२३५६ या क्रमांकावर सरकारतर्फे विनामूल्य सल्ला मिळतो. तो रुग्णाच्या हातीं लिहून द्यावा.

आपल्याच अंगणाकडेहि पाहूं या. आपल्यांतील कित्येक बांधव उपवासकाळांत चाळीस दिवस खर्रा किंवा सिगारेट सोडतात, आणि पुनरुत्थानाच्या सकाळीं मिस्सा आटोपतांच फाटकाबाहेरच्या पानठेल्यावर उभे राहतात. बांधवहो, चाळीस दिवसांत शरीराची तलफ बहुतेक ओसरलेली असते. अर्धी वाट चालून झाल्यावर माघारी फिरावयाचें कारण काय? पोप फ्रान्सिस यांनीं २०१८ पासून व्हॅटिकनमध्यें सिगारेटची विक्री बंद केली; तीपासून मिळणारा पैसाहि नको म्हटलें. मयताच्या घरीं येणाऱ्यांपुढें तबकांत तंबाखू ठेवण्याची चाल आपल्यांत जेथें असेल तेथें ती तरी थांबवितां येईल. पानठेलेवाल्यास मात्र शिव्या देऊं नयेत. त्यालाहि मुलेंबाळें आहेत.

रुग्णांचा आश्रयदाता संत कमिल्लुस (१५५०–१६१४) तरुणपणीं जुगारी होता. पायाची जखम घेऊन तो रोमच्या सेंट जेम्स रुग्णालयांत आला, आणि जुगारापायींच तेथून काढला गेला. पुढें त्याच रुग्णालयाचा तो व्यवस्थापक झाला. एकदां काढून टाकलेल्या माणसास पुन्हां दार उघडणारा तेथें कोणी तरी होता, याचा विचार मी त्याच्या सणाच्या दिवशीं, १४ जुलैस, नेहमीं करतों.

त्या गवंड्याकडे मी नंतर गेलों. क्षमा मागितली, चहा घेतला. अजून तो केव्हां तरी घसरतो. पण आतां दुसऱ्या दिवशीं त्याचाच टेलिफोन येतो.

आम्ही सध्यां पांचच जण आहों, आणि त्यांतील दोघांस जिना चढवत नाहीं. ज्या बंधुभगिनींस आठवड्यांतून एक सायंकाळ देतां येईल, त्यांनीं आजच्या भोजनानंतर आपलें नांव आणि मोहल्ला मजकडे लिहून द्यावा. मोहल्ला अवश्य लिहावा, म्हणजे जवळचा रुग्ण जवळच्यासच देतां येईल.