पैसे गेले? आधी कळवा



अम्मीच्या बचत खात्यातून दहा हजार गेले, तर ती आठवडाभर अब्बांनाही सांगत नाही. लाज वाटते. ती लाजच महाग पडते.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. दोष तुमचाही नाही, बँकेचाही नाही, तिसऱ्याच कुणी डल्ला मारलाय, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लावले, तर साध्या बचत खात्यावर दहा हजारांपर्यंतचा भार तुमच्यावर. म्हणजे अम्मीची सगळीच रक्कम!

ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर? तरीही कळवा. कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेच्या माथी. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, तुमचं नाही. काउंटरवरचे साहेब हे आपणहून सांगतीलच असं नाही.

कळवणं म्हणजे काउंटरवर रडून येणं नव्हे. तक्रार क्रमांक घ्या, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. त्याआधी १९३० ला फोन लावा. पैसा पुढच्या खात्यात अडवता येतो, पण उशीर झाला की तो निघून जातो.

आधारच्या अंगठ्यावर पैसे निघतात तिथे ओटीपी लागतच नाही. घरातल्या मोठ्यांचं बायोमेट्रिक आजच लॉक करून द्या.

बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही.