तेलाचे पैसे



प्रत्येकाने आपल्या कामातलं काहीतरी सांगायचं असं ठरलंय. मी सॉफ्टवेअरवाली. पण किराणा घरपोच देणाऱ्या एका अ‍ॅपचं काम करताना मला थोडं अर्थशास्त्र वाचावं लागलं. त्यातलं एक प्रकरण थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरलं, ते सांगते.

2021 साली खाद्यतेल बरंच महागलं. आई-बाबांना महिन्याला चार लिटर शेंगदाणा तेल लागायचं. दीडशेचं एकशे नव्वद झालं. मी इंजिनिअर, लगेच हिशोब केला: चार गुणिले चाळीस, एकशे साठ. तेवढे दर महिन्याला जास्त पाठवू लागले. दोन महिन्यांनी कळलं, आई तीनच लिटर आणते. मी फोनवर चिडले, "अगं, तेलाचे पैसे पाठवले ना?"

आई म्हणाली, "पाठवलेस गं. पण तेल महाग झालंच ना?"

हेच वाक्य पुस्तकात आकृत्यांसकट सापडलं. भाव वाढला की दोन गोष्टी एकदम होतात. एक, ती वस्तू इतरांच्या मानाने महाग होते, म्हणून आपण दुसरीकडे वळतो. हा पर्यायता परिणाम. दुसरी, तेवढ्याच पैशांत एकूणच कमी येतं, आपण जरा गरीब होतो. हा उत्पन्न परिणाम. नेहमीच्या मागणी वक्रात दोन्ही मिसळलेले असतात. गरिबीची भरपाई करून दिली की उरतो तो फक्त पहिला. त्याचा वक्र म्हणजे भरपाईयुक्त मागणी वक्र. कीवमध्ये शिकवणाऱ्या स्लुत्स्कीने 1915 साली एका इटालियन नियतकालिकात हे मांडलं, पण ऐन महायुद्धात, त्यामुळे जवळपास वीस वर्षं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याची भरपाई म्हणजे जुनी यादी जशीच्या तशी घेता येईल इतके पैसे. म्हणजे माझे एकशे साठ. इंग्लंडच्या हिक्सची भरपाई वेगळी: यादी नाही, समाधान पूर्वीइतकं राहिलं पाहिजे. त्याला थोडे कमी पैसे पुरतात. पण आईच्या बाबतीत इतका काटेकोरपणा कोण करणार!

आईने वाचलेल्या एकशे नव्वदात बाबांना पपई आणि वाचनालयाची वर्गणी भागवली. म्हणजे पूर्वीपेक्षा थोडी सुखातच होती. मी उगाच चिडले.

पण ते प्रकरण वाचताना मला आपली सातवी आठवली. त्या वर्षीही तेल, डाळ सगळं महागलं होतं आणि बाबांचा पगार होता तेवढाच. भरपाई करणारं कुणी नव्हतं. तेल तेव्हा फारसं कमी झालं नाही, कारण डब्यात पोळी-भाजी लागायचीच. कात्री दुसरीकडे लागली. आई काळा चहा पिऊ लागली, आणि विचारलं तर म्हणायची, दुधाने पित्त होतं. तेलाच्या भावाचा परिणाम तेलाच्या बाटलीत शोधायचा नसतो, हे मला तेव्हा कळणं शक्य नव्हतं. एवढं मात्र कळलं होतं की सहलीचे पैसे मागायचे नाहीत.

बाई, रायगडच्या सहलीच्या दिवशी मला ताप नव्हता. तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात कपाळाला हात लावून पाहिलात, तेव्हाच सांगणार होते. राहून गेलं.

रायगडही राहिलाच आहे. डिसेंबरात कोण कोण येतंय?