आधी विचारा, पैसा येतो कुठून?

जुलै २०२५ मध्ये बेळगावात अगरबत्ती पॅकिंगच्या घरगुती कामाचं एक प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. तक्रारींनुसार योजना अशी होती: ओळखपत्रासाठी २,५०० रुपये भरा, घरबसल्या पुड्या भरा आणि आपल्या खाली आणखी दोघींना जोडा. हजारो बायकांनी पैसे भरले. आता दोघींना जोडायचं म्हटल्यावर बाई कुणाकडे जाणार? शेजारणीकडे, नणंदेकडे, बचतगटातल्या मैत्रिणीकडे. “वहिनी, मी स्वतः भरलेत, पुढच्या महिन्यात वसूल होतात,” असं ती म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिलाही तसंच सांगितलेलं असतं. म्हणून सांगणारी व्यक्ती प्रामाणिक आहे का, हा प्रश्न इथे कामाचा नाही. मिळणारा पैसा कुठून येतो, एवढंच बघायचं.

निपाणीच्या विडी कामगार बायकांना हे वेगळं सांगायला नको. विडीचा ठेकेदार पान-तंबाखू देतो आणि वळलेल्या विड्या मोजून घेतो. खराब म्हणून विड्यांची छाट काढताना तो कुरकुर करायला लावतो हे खरं, पण मजुरी तो देतो. जिथे काम मिळवण्यासाठी आपणच पैसे मोजायचे आणि कमाई माणसं जोडण्यावर ठरायची, तिथे आपला पैसा वरच्याला आणि खालच्याचा आपल्याला, एवढाच व्यवहार असतो. प्रत्येकीने दोघी जोडल्या तर पहिलीच्या खालच्या अठराव्या पायरीपर्यंत एकूण पाच लाखांवर माणसं लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आतच होती. साखळी कुठेही तुटो, निम्म्याहून जास्त माणसं शेवटच्या पायरीवर असतात. त्यांच्या खाली कुणीच नसतं.

“पण माझ्या जावेला पैसे मिळाले की!” मिळतात, सुरुवातीला मिळावेच लागतात, नाहीतर पुढची जोडणी होणार कशी? दुसरा आक्षेप, “ते वस्तू देतात, मग फसवणूक कशी?” थेट विक्रीचा धंदा कायदेशीर आहेच, २०२१ च्या नियमांनी माणसं जोडण्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांना मात्र बंदी घातली आहे. फरक ओळखायचा तर विचारा: उद्यापासून एकही माणूस न जोडता नुसता माल विकला, तर घर चालेल का? भिशीचा दाखलाही इथे लागू पडत नाही. भिशीत माणसं ठरलेली असतात, पैसा त्यांच्यातच फिरतो, नवा सभासद मिळाला नाही म्हणून ती बुडत नाही.

मैत्रिणीशी वाद घालू नका, आणि तिला लोभी तर मुळीच म्हणू नका. लाजेपोटी ती आणखी घट्ट धरून बसेल. “मी पैसे भरणार नाही, पण आपलं येणंजाणं तसंच राहील,” एवढं स्पष्ट बोला. मग तिला एकच विनंती करा: आजपासून नवीन कुणाला जोडू नकोस. पैसा फिरवणाऱ्या योजनांवरच्या १९७८ च्या बंदी कायद्यात अशी योजना चालवणं हा गुन्हा आहेच, पण तिच्यात सभासद नोंदवणं आणि भाग घेणं हाही गुन्हाच आहे. दोघींना जोडून २,५०० रुपये सोडवायला गेलेली बाई उद्या त्या दोघींच्या तक्रारीत आरोपी ठरू शकते. ही भीती दाखवायची ती नवी जोडणी थांबवण्यासाठी. तक्रार दडवण्यासाठी नव्हे.

आपल्या सीमाभागात आणखी एक घोळ होतो. पैसे निपाणीत भरलेले, एजंट कोल्हापूरचा, मग हद्द कुणाची? जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेनुसार हद्द कुठलीही असो, जवळच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. पावती, ओळखपत्र, फोनवरचे संदेश, पैसे पाठवल्याची नोंद, काहीही पुसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. आणि शक्यतो एकट्याने जाऊ नका. ज्यांनी ज्यांनी पैसे भरलेत, त्या सगळ्यांनी मिळून जा.