नव्वद दिवसांचे पथ्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला इथे उभे केले, ते मी फार शिकलेली आहे म्हणून नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण २०२३ साली आमच्या घरी नव्वद दिवस जे पथ्य चालले, त्याचा गल्लीभर बोभाटा झाला होता. "तुमच्याकडे म्हणे साखरेला बंदी आहे?" असे विचारायला बऱ्याच जणी जिन्यापर्यंत आल्या होत्या. त्या सगळ्यांना एकदम उत्तर देता येईल, म्हणून मी हो म्हटले.

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या ह्यांना मधुमेह निघाला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा साडेआठ आला आणि गोळी सुरू झाली. त्याच सुमारास पुतण्याने एक छापील तक्ता आणून दिला. साखर नाही, गूळ नाही, मैदा नाही, पांढरा तांदूळ नाही, दूध नाही, वरून तेल नाही, पुड्यातले काही नाही. धान्य कोंड्यासकट, कडधान्य सालासकट आणि निम्मे ताट भाजीचे. ह्यांनी तो तक्ता फडताळाच्या दाराला चिकटवला आणि सांगितले, "घरात दोन स्वयंपाक नकोत. सगळ्यांनी हेच खायचे." चिकटवायला एक मिनिट लागले. पुढचे नव्वद दिवस मात्र माझ्या वाट्याचे होते.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी सुरुवात होऊ दिली नाही. त्यांनी गोळी निम्मी केली आणि बजावले, की जेवण बदलले म्हणजे साखर एकदम खालीही जाते. घाम फुटला, हातपाय थरथरले, तर लगेच साखर द्यायची, तक्ता बघत बसायचे नाही. म्हणून साखरेचा एक लहान डबा मी वरच्या फळीवर ठेवलाच. बाराव्या दिवशी अकराच्या सुमारास हे दाराशी घामाघूम होऊन बसले. बोलणे अडखळत होते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पाव तासाने माणूस ठिकाणावर आला. त्याच दिवशी डॉक्टरांनी गोळी आणखी बदलून दिली. ज्यांच्या घरी मधुमेहाची गोळी चालू आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे. पुतण्याच्या तक्त्यात त्याविषयी एक अक्षर नव्हते.

आता स्वयंपाकाचे. मी मूळची मंगळवेढ्याकडची. आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२३ हे तर सगळ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हा भाकरी मला कोणी शिकवायला नको. पण रोज तीन वेळा, पाच माणसांची, हे निराळे. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. मग उकड काढावी लागते. बाजरीचे पीठ तर चारआठ दिवसांत कडू होते. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी गिरणीची खेप आली. हातसडीचा तांदूळ चार तास भिजवून ठेवावा लागतो, तरी त्याला गॅस जास्त जळतो. पालेभाजी निवडण्यात सकाळ जाते. तेलाची फोडणी गेली तेव्हा दाण्याचे कूट, तीळ आणि खोबरे यांनी लाज राखली. त्यांच्या अंगचे तेल असतेच. हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, चाकवत, शेपू, नाचणीची आंबील असे पहिले दोन आठवडे बरे गेले. मग धाकट्याने विचारले, "आई, आज पण भाकरी?" त्याला काय सांगणार?

कोंड्याचे महत्त्व मला पटलेले होते. आपल्या वाचनालयातल्या पुस्तकात मी वाचले होते, की जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरला दिसले की सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि असडी तांदूळ घातला की त्या बऱ्या होतात. त्या कामासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. आपल्याकडे गांधीजींनी १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला, त्यानेही हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचाच प्रचार केला. गुळाबद्दल मात्र सांगते, की मधुमेह्याला गूळ म्हणजे साखरेचा सख्खा भाऊच.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. १८ जुलैपासून महिनाभर जावयाचे कौतुक! माझ्या आईने धोंडे शिजवले, तेहतीस अनारसे तळले आणि निरोप धाडला. हे गेले, वाण हातात घेतले, आणि पानावर बसून मागितली काय, तर ज्वारीची भाकरी. आई काही बोलली नाही. पण आम्ही निघालो तेव्हा नेहमीसारखी वेशीपर्यंत आली नाही. शेवटी अनारसे आपल्या गल्लीतल्या मुलांनी संपवले, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

पण माझे खरे भांडण झाले ते सासूबाईंवरून. त्यांचे वय शहात्तर, तोंडात दात मोजके. भाकरी कालवणात कुस्करून त्या चतकोर खायच्या आणि "भूक नाही गं" म्हणायच्या. दूध बंद, मऊ भात बंद, चहा कोरा. पाचव्या आठवड्यात त्यांच्या पाटल्या कोपराकडे सरकू लागल्या. मी त्यांना दवाखान्यात नेले. वजन तीन किलो उतरले होते. डॉक्टर म्हणाले, या वयात असे वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर मांसही झडते. त्यांना दूध, दही, वरण, मऊ भात, सगळे द्या. शिवाय बी-बारा जीवनसत्त्व झाडपाल्यात मिळत नाही. मांसमच्छी न खाणाऱ्याने दूधही सोडले तर ते गोळीवाटे घ्यावे लागते.

त्या संध्याकाळी मी दुधाचे पातेले चुलीवर ठेवले. हे म्हणाले, "तक्त्यात नाही." तेव्हा मी त्यांना कस्तुरबांची गोष्ट सांगितली. गांधीजींनी दूध न पिण्याचे व्रत घेतले होते. १९१८ साली ते फार आजारी पडले आणि अंगात ताकद येईना. १९१९ च्या जानेवारीत मुंबईला असताना डॉक्टर दूध घ्या म्हणत होते आणि हे तयार नव्हते. तेव्हा बा म्हणाल्या, की व्रत घेतले ते गाईम्हशीच्या दुधाचे, मग शेळीचे घ्यायला काय हरकत आहे? त्यांनी ते घेतले आणि उठून कामाला लागले. व्रताचा शब्द पाळला पण भाव मोडला, ही खंत त्यांनी पुढे आत्मकथेत लिहिली आहे. ती त्यांची खंत. पण माणूस जगला, हे बांनी पाहिले.

हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग काय, आता शेळी आणतेस?" सासूबाई आतून हसल्याचे मला ऐकू आले. त्या दिवसापासून घरात दोन ताटे निराळी झाली आणि मला दुप्पट काम पडले, तरी मी ते आनंदाने केले.

सप्टेंबरात ह्यांचा आकडा सातवर आला आणि वजन सहा किलो कमी झाले. हे त्या पथ्याने झाले, रोजच्या तासभर चालण्याने झाले की गोळीने, हे डॉक्टरांनाही वेगळे करून सांगता येईना. पथ्यातले आज आमच्याकडे काय उरले म्हणाल, तर ज्वारी, सालासकट कडधान्ये आणि निम्मे ताट भाजी. तेलाचा चमचा परत आला. चहा दुधाचा, ह्यांचा बिनसाखरेचा. सासूबाईंच्या पाटल्या पुन्हा मनगटाशी बसल्या आहेत. तक्ता गणपतीच्या आधी फडताळ पुसताना निघाला, तो कोणी परत लावला नाही. आणि गिरणीची एक खेप आता हे करतात, ती मी अटच घातली होती.

ज्यांना माडग्याची कृती हवी असेल त्यांनी घरी यावे. गिरणी साडेसातला बंद होते आणि आज डबा माझाच तिथे आहे, तेव्हा आपली रजा घेते.